पाळणाघर सुरू करू की नोकरी धरू? (सिंहगड रोड, पुणे)

तळमजला | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सल्ला हवाय. 'तुला नक्की जमेल गं' असला नको, खरा हवाय.

वय ३९. आनंदनगरच्या आसपास जुन्या तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, सासूबाईंच्या नावावर. घरात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (गुडघे सोडले तर ठणठणीत). शनिपाराजवळ एका दुकानदाराकडे अकाउंट्स बघायचे. मालकांनी वयोमानाने धंदा आवरता घेतला आणि मार्चअखेर माझं काम संपलं.

जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्या मुलीची बाळंतपणाची रजा संपली. तिची आई थोडे दिवस राहून सोलापूरला परत गेली. "ताई, चार दिवस बघाल का, तोवर मी सोय करते," म्हणून बाळ माझ्याकडे आलं ते आलंच. महिनाअखेरीला तिने न विचारता सहा हजार पाठवले. बाळ आता अकरा महिन्यांचं आहे, भिंतीला धरून उभं राहतं, आणि सासूबाईंची काठी हे त्याचं सगळ्यात लाडकं खेळणं आहे.

तिच्याच ओळखीतून आणखी दोघी विचारतायत. एकीचा मुलगा दीड वर्षाचा, पूर्ण दिवस. दुसरीची मुलगी चार वर्षांची, साडेबाराला शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत. म्हणजे रीतसर पाळणाघरच झालं की.

इकडे वारज्याला एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्सची नोकरी मिळतेय. १८ हजार, सोमवार ते शनिवार, साडेनऊ ते साडेसहा. त्यांना एक तारखेच्या आत उत्तर हवंय.

नवरा म्हणतो, तुला हवं ते कर. (या वाक्याचा काही उपयोग नसतो हे इथल्या बायकांना सांगायला नको.) सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लोकांची पोरं म्हणजे जोखीम," आणि जपमाळ घेऊन बसल्या. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही.

पैसे खरंच सुटतात का? सोसायटीत काय बोलावं लागतं? आणि घराचं काय होतं?

भिंगरी | सोमवार, रात्री ११.२५

कर्वेनगरला पाळणाघर चालवते, म्हणून लिहितेय. आधी हिशोब, कारण बाकीचं सगळे सांगतीलच.

सहा मुलं धर. दोन बेडरूममध्ये त्याहून जास्त घेऊच नकोस. कोणी पूर्ण दिवस, कोणी अर्धा. आपल्या भागातल्या घरगुती दराने सरासरी सात हजार धरले तर ४२ हजार. ऐकायला छान वाटतं. आता सहा मुलांना तू एकटी पुरणार नाहीस, म्हणजे दिवसभराची मावशी आली. ती १३-१४ हजारांच्या खाली मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही. दूध, फळं, खिचडी, गॅस, फिनेल, टिश्यू, दर पंधरा दिवसांनी हरवणारे वाटी-चमचे, हे सगळं मुलामागे हजार-बाराशे. हातात २१-२२ राहतात. मग मे महिना येतो. दोन मुलं आजोळी जातात आणि आया विचारतात, "या महिन्याचे अर्धेच द्यायचे ना?" दिवाळीतही तेच. एक मूल मध्येच सोडतं, जागा भरायला दोन महिने जातात. वर्षाची सरासरी काढलीस तर तुझ्या वारज्याच्या पगाराच्याच आसपास येशील.

म्हणजे पैशावर हा निर्णय होणार नाही. दोन्हीकडे तेवढेच आहेत.

फरक आहे तो असा. नोकरीत साडेसहाला पेन खाली ठेवलं की सुटलीस. इथे साडेसहाला खरी परीक्षा सुरू होते. माझ्याकडे सहा पन्नासला चित्र असं असतं: पाच मुलं गेलेली, एक उरलेलं. ते दारापाशी बूट घालून बसलंय. मावशी पर्स खांद्याला लावून उभी, कारण तिची बस. कुकर लावायचाय. माझी मुलगी क्लासहून येऊन भूक भूक करतेय. आणि आईचा मेसेज, 'ताई पाचच मिनिटं'. त्या पाच मिनिटांत येणारी आई मी अजून पाहिलेली नाही.

तेव्हा मुलं आवडतात का, हे स्वतःला विचारू नकोस. आवडतातच, नाहीतर ते बाळ जूनपासून टिकलं नसतं. "साडेसहा म्हणजे साडेसहा" हे तोंडावर, हसून, दर वेळी म्हणता येईल का, ते विचार.

मे महिन्याचं पहिल्याच दिवशी लिहून दे. जागा धरून ठेवायची तर पूर्ण फी. मी तसं करते आणि एकही आई त्यावरून गेलेली नाही.

आबा_वारजे | मंगळवार, सकाळी ७.०५

सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो.

१. अर्ज आधी, मुलं नंतर. आधी सुरू करून मग कमिटीने विचारल्यावर "अहो, शेजारधर्म म्हणून" असं सांगणारे फार पाहिले. एका बाळापर्यंत तो शेजारधर्म आहे. तिसऱ्या मुलापासून तो व्यवसाय आहे आणि कमिटीची लेखी परवानगी घेतलेली बरी. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, म्हणजे सभासद त्या. अर्जावर सही त्यांची लागेल. तुमच्या घरातली पहिली सभा तिथेच आहे.

२. लोकांना मुलांच्या रडण्याचा त्रास कमी, गाड्यांचा जास्त. साडेआठला गेटात चार दुचाक्या आडव्या लागल्या की तक्रारवही उघडते. "पालक गाडी बाहेर लावतील" हे वाक्य अर्जातच टाका.

३. वीज. घराच्या काही भागात व्यवसाय असेल आणि वापर महिना ३०० युनिट व वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल, तर महावितरण घरगुतीच दर लावतं. एसी लावून बसलात तर गणित बदलेल.

४. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते. तुम्ही तिथे राहताच, पण वॉर्ड ऑफिसात एकदा स्वतः जाऊन विचारा. एजंटला विचारू नका.

तळमजल्यावर आहात ही मोठी जमेची बाजू. तिसऱ्या मजल्यावर असतात तर मीच नको म्हटलं असतं.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ९.३०

आमच्या वेळी असली पाळणाघरं नव्हती. मुलं आजीच्या मांडीवर वाढायची आणि संस्कारही व्हायचे. आता आयांना करिअर पाहिजे, मग मुलं परक्याच्या दारात.

कुंपणावरची | मंगळवार, सकाळी ९.४८

आली जिलबी. काका, तुमच्या वेळी म्हणजे कधी? १९४८ च्या कारखाना कायद्यातच बायका कामगार ठरावीक संख्येच्या वर असतील तर पाळणाघर हवं असं लिहिलेलं होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला लहान मुलांचं काम सुरू केलं ते १९४५ मध्ये, आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या अनुताई वाघ आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. कष्टकरी बायकांची मुलं तेव्हाही कोणीतरी सांभाळतच होतं.

आणि सोलापूरच्या त्या आजीला स्वतःचं घर आहे, नवरा आहे, गुडघे आहेत. धाग्याचा आखाडा करू नका, तिला एक तारखेच्या आत उत्तर द्यायचंय.

हिंजवडी_परतीचा | मंगळवार, दुपारी १.१५

मी 'पाचच मिनिटं' वाल्यांपैकी. आमचा मुलगा सात महिन्यांचा असल्यापासून घरगुती पाळणाघरात आहे, आता तीनचा होईल.

आमच्यासारखे लोक काय बघतात ते सांगतो. मोठ्या कंपन्यांत पाळणाघराची सोय असते. ५० किंवा जास्त माणसं असतील तर ती द्यायची, असं २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. आमच्या कंपनीतही आहे. पण सात महिन्यांच्या बाळाला कारमध्ये बांधून नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत हिंजवडीला नेणार आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून आणणार? कंपनीची सोय कागदावर राहते आणि आम्ही सोसायटीच्या शेजारी कोण आहे ते शोधतो. त्याच दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणून विचारणारे बहुतेक सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊनच येतात. दोन वर्षांची, चालती-बोलती, शी सांगणारी मुलं आयती मिळतील असं समजू नका.

कॅमेरा लागेल. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात मदतनीस बाईने बाळाला मारल्याचं फुटेज टीव्हीवर आलं, तेव्हापासून कॅमेरा नाही म्हटलं की बायकोच्या चेहऱ्यावरच 'नको' उमटतं. पण लाईव्ह लिंक देऊ नका असं मी पालक असूनही सांगतो. मी स्वतः मीटिंगमध्ये बसून, आपलं पोर कोपऱ्यात एकटं का बसलंय म्हणून फोन केलेला आहे. ते शी करत होतं. रेकॉर्डिंग ठेवा, कोणी मागितलं तर समोर बसवून दाखवा.

आमच्या ताई पावणेसातनंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये घेतात. पहिल्यांदा राग आला होता. आता नवले पुलावर अडकलो की बायकोला फोन जातो, "तू निघ, मीटर पडेल."

पालवी_७ | मंगळवार, दुपारी २.०२

वाचतेय. बिबवेवाडीत कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, डिसेंबरपासून हवंय.

टोकदार_पेन्सिल | मंगळवार, रात्री ९.५०

तुझा शेवटचा प्रश्न, 'घराचं काय होतं', त्याचं उत्तर बहुतेक मीच देऊ शकेन. माझ्या आईचं सदाशिव पेठेत पाळणाघर होतं. मी तिसरीत असताना सुरू झालं आणि माझं लग्न झाल्यावर बंद झालं.

दुपारी एक ते तीन आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. बेलचं बटण बंद. दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं, कारण ती कडी वाजली की मधल्या खोलीतलं सगळ्यात लहान जागं व्हायचं आणि मग ओळीने सगळी. बाबा दुकानातून जेवायला आले की दारावर नखाने ओरखडायचे. मी दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, जमिनीवर बसून केला. माझी कंपासपेटी, माझी चित्रकलेची वही, माझा दात घासायचा ब्रश, प्रत्येकावर कोणाची ना कोणाची लाळ लागलेली आहे. आणि मी शाळेतून आले की आईच्या मांडीवर कोणीतरी असायचंच. बारा वर्षांच्या मुलीने मांडीसाठी रुसायचं नसतं म्हणून मी रुसले नाही, इतकंच.

दुसरी बाजूही सांगते. आई त्या काळात कधी नव्हे ती खुशीत असायची. तिच्या हातात तिचे पैसे होते, कपाटातल्या साबुदाण्याच्या डब्यात, आणि माझ्या इंजिनिअरिंगची पहिली फी त्यातून गेली. सहा घरं तिला विचारून चालायची. दात येताना काय द्यायचं, तापात अंघोळ घालायची का, बाकी डॉक्टर सांगायचे, पण आधी फोन आईला. त्यातल्या एका मुलाच्या लग्नात तिला मानाची साडी मिळाली. तिने ती नेसली नाही, काठ आवडले नाहीत म्हणून.

मुलाला विचार. 'तुला चालेल ना रे?' असं नको, त्यावर मुलं 'हो' म्हणतात. त्याला सांग, ही खोली तुझी, हिला आतून कडी, संध्याकाळी सातपर्यंत या खोलीत एकही पोर येणार नाही. आणि ते पाळ. एकच खोली पाळणाघराला, एक घराला. हॉल दोघांचा. याच्यापुढे एक इंचही नाही.

सासूबाईंचंही तेच. त्यांना टीव्हीवरची मालिका कुठल्या वेळी लागते ते आधी बघ.

भिंगरी | मंगळवार, रात्री १०.१०

टोकदार, तुझा प्रतिसाद वाचून माझ्या मुलीच्या खोलीत डोकावून आले. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

तळमजला | मंगळवार, रात्री ११.००

सगळ्यांचे आभार. टोकदार_पेन्सिल, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. मुलाशी बोलले. त्याची अट निघाली की क्रिकेटची किट बॅग हॉलमधून हलवायची नाही. ठीक आहे.

सासूबाईंना अर्जावर सही लागेल हे सांगितलं, तेव्हा कुठे त्या बोलल्या. त्यांच्या माहेरी शेजारच्या घरी सांभाळायला ठेवलेलं एक मूल पाण्याच्या हौदात पडलं होतं. वाचलं, पण दोन घरांचं बोलणं कायमचं तुटलं. "जोखीम" म्हणजे हे होतं. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

भीती आता मलाही वाटायला लागलीय, खरं सांगायचं तर. आपल्या मुलाला लागलं तर आपण रडतो आणि पुढे जातो. दुसऱ्याच्या मुलाला लागलं तर?

इंजेक्शनवाली_मावशी | बुधवार, सकाळी ६.२०

नाइट संपवून लिहितेय, चुकभूल द्यावी घ्यावी. बालरुग्ण विभागात नर्स आहे.

पाण्यापासूनच सुरू करते, कारण तुमच्या सासूबाई बरोबर बोलल्या. रांगतं मूल अर्ध्या बादलीत बुडू शकतं. बाथरूमला बाहेरून वर कडी, बादल्या पालथ्या, मॉपची बादली लगेच रिकामी.

पिण्याचं पाणी. तुम्ही सिंहगड रोडला आहात. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड, धायरी पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट कसे एकामागून एक आले ते आम्ही वॉर्डात पाहिलंय. पाणी खळखळ उकळून गार केलेलं, फिल्टर असला तरी. टँकर आला त्या दिवशी तर नक्कीच. पनीर, चिकन नीट शिजलेलं, कापलेली फळं बाहेरून आणायची नाहीत.

घशात अडकणं. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं नाहीत. चार वर्षांची मुलगी खाणार आणि अकरा महिन्यांचं उचलणार, तुमच्याकडे धोका हा आहे. तिचा खाऊ टेबलावर, जमिनीवर नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात अडकून त्याला आवाज काढता येत नसेल तर पालथं, डोकं खाली, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि परत. बोट घालून चाचपडत बसायचं नाही. वाचून हे येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर हाताने करून घ्या, मावशीलाही न्या. तोवर १०८ आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात.

औषध पालकांनी त्या दिवशी लिहून दिल्याशिवाय द्यायचं नाही. पॅरासिटामॉलसुद्धा वजनावर असतं, 'अर्धा चमचा' नसतं. एक वर्षाच्या आत मध नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी.

ताप असेल, जुलाब असतील, तोंडात-हातापायावर फोड असतील तर मूल घरी. पावसाळ्यात हे फोडांचं प्रकरण एकाला झालं की आठवड्यात सगळ्यांना होतं. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, त्याआधीचं बाळ घेतलंत तर ते उघडंच आहे हे लक्षात ठेवा. लसीकरणाच्या कार्डाची प्रत पहिल्या दिवशी मागा.

पालक सकाळी औषध पाजून ताप उतरवून आणतात आणि अकरा वाजता ताप वर येतो. सगळ्या पाळणाघरांत होतं. दारातच कपाळाला हात लावा, वाईटपणा आला तर येऊ दे.

धायरीफाटा | बुधवार, सकाळी ८.४०

मावशी, एवढं रात्रपाळी करून लिहिलंत. साष्टांग.

ताळेबंद | बुधवार, सकाळी ११.३०

तुम्ही स्वतः अकाउंट्सवाल्या, त्यामुळे थोडक्यात.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधारवर, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. शॉप अॅक्टमध्ये वीसच्या आत माणसं असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची. बँकेत वेगळं खातं, घरखर्चाचे पैसे त्यात मिसळायचे नाहीत. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी नको. आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय घेतलीत तर जमेच्या ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरता येतो. तुमच्या आकड्यांवर कर लागणार नाही, पण रिटर्न भरा. उद्या कर्ज काढायचं झालं तर तेच कामाला येतं.

पावतीपुस्तक छापून घ्या, क्रमांकासह. काही कंपन्या पाळणाघराचा खर्च परत देतात, पण पावती मागतात. 'आमच्याकडे पावती मिळते' एवढ्यावर दोन पालक जास्त येतात, हे माझ्या एका क्लायंटबाईंचं निरीक्षण.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती मुळात कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी आहेत, तरी वाचून काढा. पालक प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर तयार असतं.

मदतनिसाची पोलीस पडताळणी करून घ्या. आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्यात कळवणं बंधनकारक आहे. मुलाच्या अंगावर, बोलण्यात काही संशयास्पद दिसलं, अगदी ते त्याच्या घरातलं असलं तरी, 'आपल्याला काय करायचंय' म्हणता येत नाही.

कुंपणावरची | बुधवार, दुपारी ४.२०

काल काकांना उत्तर देऊन पळाले होते, आता नीट लिहिते. मी सहकारनगरला पाळणाघर चालवलं आणि बंद केलं. का बंद केलं ते कोणी विचारत नाही म्हणून सांगते.

माझं आजारपण. मला ताप आला की पाच घरांत सुट्टी काढावी लागायची. एकदा डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरलेल्या, आणि तरी पलंगावरून मी फोनवर आयांना समजावतेय की परवा बहुतेक उघडेन. आईचं वर्षश्राद्ध दुपारी बारानंतर ठेवता येईल का असं गुरुजींना विचारलंय मी. नोकरीत रजेचा अर्ज असतो, इथे अर्ज कोणाला करणार?

भिंगरीने वेळेचं सांगितलं ते खरंच, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की तुझ्या जागी उभं राहणारं कोण आहे. मावशी नाही, मावशीवर सहा मुलं टाकून तू झोपू शकत नाहीस. सासूबाईंवर तर नाहीच. दुसरी एखादी बाई, तुझ्याइतकीच जबाबदार, जवळ राहणारी, भागीदार म्हणून किंवा बदली म्हणून, मिळाली तर सुरू कर. नाही मिळाली तर तीनच मुलं घे आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांग की वर्षातले इतके दिवस बंद राहील, आणि माझ्या आजारपणात तुमची सोय तुम्ही ठेवायची.

मला भागीदार मिळाली नाही. आता मी एका पूर्वप्राथमिक शाळेत आहे, पगार कमी आहे आणि रविवार पूर्ण माझा आहे.

भिंगरी | बुधवार, संध्याकाळी ७.३०

हे शंभर टक्के. माझी सख्खी जाऊ समोरच्या इमारतीत राहते म्हणून माझं चाललंय. हे मी लिहिलंच नाही कारण ते मला गृहीतच आहे.

जुनाजाणता | बुधवार, रात्री ८.१५

कालच्या बोलण्याचा विपर्यास झाला. असो. आमच्या सौ. बालवाडीत शिक्षिका होत्या, त्यांनी सांगायला सांगितलंय की मुलांना टीव्ही-मोबाइल लावून बसवू नका, आणि ट्रेनिंग घ्यायचं तर कर्वे रोडच्या एसएनडीटीत बालविकासाची चौकशी करा, सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनातही एक चक्कर मारा. खेळ कसे घ्यायचे ते बघायला मिळेल.

कुंपणावरची | बुधवार, रात्री ८.२१

काका, सौंना नमस्कार सांगा. त्यांनाच आयडी काढून द्या इथे.

तळमजला | शनिवार, रात्री ९.४५

धागा वर काढतेय. वारज्याला 'नाही' असं कळवलं.

सहा मुलं घेत नाहीये. तीनच. वरचं बाळ, दीड वर्षाचा, आणि साडेबाराला येणारी मुलगी. म्हणजे मावशी पूर्ण दिवसाची नको, साडेबारा ते साडेचारची मिळालीय, पाच हजारांत, पडताळणीचा फॉर्म भरलाय. दोघं पूर्ण दिवसाचे सात-सात आणि मुलीचे चार धरून १८ येतात. मावशीचे आणि मुलांवरचा खर्च वजा करून दहाच्या आत-बाहेर सुटतील. वारज्याच्या पगाराच्या जवळपास निम्मे, हे नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं. त्यावर त्याने पहिल्यांदा "तुला हवं ते कर" सोडून दुसरं वाक्य उच्चारलं: "मग वर्षभर गाडीचा विचार नको." चालेल. आमची जुनी ॲक्टिव्हा अजून एक वर्ष काढेल.

कुंपणावरची, बदलीचं विचारून पाहिलं. आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक ताई आहेत, मुलगी लग्न होऊन गेली, दुपारी मोकळ्या असतात. भागीदारी नको म्हणाल्या, पण मी आजारी पडले तर दोन दिवस उभ्या राहीन, दिवसाचे पाचशे घेईन, असं स्वतःच म्हणाल्या. 'उगाच मदत' म्हणाल्या असत्या तर मी भरवसा ठेवला नसता.

अर्ज कमिटीला दिला. सासूबाईंनी सही केली, पण आधी बाथरूमची कडी बसवून घेतली आणि मगच पेन मागितलं. अध्यक्षांनी गाड्यांचंच विचारलं, आबा. तुमचं वाक्य तयार होतं.

नियमांचा कागद केलाय. साडेसहा, मे महिना, ताप, औषध, बंदचे दिवस. वरच्या मुलीला तो द्यायला मात्र अवघड गेलं. जूनपासून हे सगळं माणुसकीवर चाललं होतं आणि आता एकदम कागद. तिने वाचला, 'साडेसहा' वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मंगळवारी मला सात होतात." तीनदा तोंडावर 'हो' आलं होतं. शेवटी म्हटलं, मंगळवारी तुझ्या नवऱ्याने यायचं. तो येतोय.

भिंगरी | शनिवार, रात्री १०.०२

झालं मग! पास.

मंगळवारी तो किती वाजता येतो ते मात्र कळव.

आबा_वारजे | शनिवार, रात्री १०.१५

कमिटीच्या उत्तराची प्रत घेऊन ठेवा. तोंडी 'चालेल' चालत नाही.

इंजेक्शनवाली_मावशी | रविवार, सकाळी ६.५०

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये गेट लावलंत का? कुकर, गरम चहा, सगळं तिकडेच असतं.

तळमजला | रविवार, सकाळी ९.१०

नाही लावलेलं. चौकट जुनी लाकडी आहे, ३४ इंच, स्क्रू मारू देत नाहीत सासूबाई. दाबून बसवायचं गेट कोणाकडे वापरून झालेलं पडून असेल तर सांगा, सिंहगड रोड ते कोथरूड कुठेही येऊन घेऊन जाईन.

हिंजवडी_परतीचा | रविवार, सकाळी ९.३२

आमच्याकडे आहे. मुलगा आता त्यावरून चढून जातो, त्यामुळे उपयोग संपला. ३४ ला बसेल, एक्स्टेन्शनची पट्टी पण आहे. व्यनि केलाय. संध्याकाळी सातनंतर या, त्याआधी आम्ही पोहोचत नाही.